मी उलटी लागलेली लेन्स

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी फार दमलेली आहे. उत्साहानं उड्या मारणारी गोष्ट हवी असेल तर फडताळातल्या नव्या मिक्सरकडे जा. तो अजून गॅरंटीत आहे. मी कॅमेऱ्याची लेन्स. धातूच्या अंगाची, मुठीत मावणारी, वयानं तुमच्या आईबाबांपेक्षा मोठी. काशीत अमृतराव घाटाच्या मागच्या गल्लीत राहते. आणि गेली नऊ वर्षं मी उलटी आहे. म्हणजे माझी पाठ जगाकडे आणि तोंड कॅमेऱ्याच्या पोटात. हसू नका. तुम्हाला कोणी उलटं टांगून काम करायला लावलं असतं तर कळलं असतं.

जन्मले तेव्हा मी सरळच होते. दूरदेशी कुठल्याशा कारखान्यात माझ्या सहा काचा घासून घासून गुळगुळीत केल्या, एकीमागं एक बसवल्या आणि वर काळं अंग चढवलं. दोन-चार हातांवरचा माणसाचा चेहरा नीट दिसावा, एवढंच माझं काम ठरलं होतं. किडा-मुंगी कोणाच्या मनातही नव्हती. फिरत फिरत मी इथल्या चौकात आले आणि शिवरामभाऊंच्या स्टुडिओत लागले. शिवरामभाऊ आपलेच, मराठी. पण बोलताना निम्मं हिंदी. ‘जरा मुंडी सीधी ठेवा’ असं ते म्हणायचे आणि गिऱ्हाईक मुंडी सीधी ठेवायचं.

काय नाही पाहिलं मी त्या वर्षांत! मुंजीतले रडवेले बटू पाहिले, साखरपुड्यातल्या लाजणाऱ्या मुली पाहिल्या, परीक्षेच्या फॉर्मला लावायचे घाबरट चेहरे पाहिले. आणि महिन्यातून आठ-दहा वेळा मणिकर्णिका. लांबून आलेल्या लोकांना गावाकडच्यांना दाखवायला शेवटचा एक फोटो हवा असायचा. तिरडी मध्ये, माणसं दोन्ही बाजूंना. शिवरामभाऊ हळूच म्हणायचे, ‘इकडं बघा, दोनच मिनिटं.’ मग ती रडणारी माणसं डोळे पुसायची, पदर सारखा करायची, आणि त्यातला एखादा कॅमेरा दिसला म्हणून सवयीनं हसायचा. मला ते सगळ्यात जड जायचं. डोळा मिटायची सोय मला कोणी दिलेली नव्हती.

वाहवा पण झाली हो माझी. ‘भाऊ, तुमच्या लेन्ससारखा चेहरा कोणी काढत नाही,’ असं लोक म्हणायचे. मग घरोघरी फोन आले, फोनात कॅमेरे आले, आणि ज्याचा त्याचा चेहरा ज्याच्या त्याच्या खिशात गेला. स्टुडिओत माश्या घोंगावायला लागल्या. मला स्टीलच्या डब्यात घालून माळ्यावर टाकलं. पाच पावसाळे मी त्या डब्यात काढले. गंगेकाठची दमट हवा, वारा नाही, ऊन नाही. माझ्या एका काचेच्या कडेला बुरशी धरली. ती अजून आहे, दरवर्षी नखभर सरकते. कोणी एकदा झाकण उघडून मला उन्हात धरलं असतं तरी वाचले असते. पण कामाचं माणूस कामापुरतं, वस्तूची काय कथा!

मला तिथून काढलं पद्माबाईंनी. मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. वर्गातल्या मुलींचे ओळखपत्राचे जुने फोटो न्यायला स्टुडिओत आल्या होत्या. शिवरामभाऊ दुकान आवरत होते, डबा उघडा पडला होता. बाईंनी मला उचललं, खिडकीकडे धरलं आणि विचारलं,

‘भाऊ, हिच्यातून मुंगीचे पाय दिसतील का?’

‘सरळ लावली तर नाही दिसणार, बहनजी. उलटी लावा. एक कडं मिळतं त्यासाठी. मग मुंगीचे पाय काय, पायावरचे केस पण दिसतील.’

‘उलटी?’

‘हो. दूरचं जवळ आणते ना ती? मग उलटून बघा की.’

असं माझं दुसरं लग्न लागलं. बाईंनी कडं आणलं, जुनापाना कॅमेरा आणला आणि मला उलटी डकवली. पहिल्या दिवशी मी लाजेनं मेले. इतकी वर्षं झाकून ठेवलेली माझी पाठ उघड्यावर, धूळ खायला! पण जास्वंदीच्या कळीवर बाईंनी मला चार बोटांवर नेलं आणि मी पाहिलं, तिथं माव्याचे हिरवे हिरवे किडे ओळीनं बसलेले, पोटातला रस आरपार दिसतोय, आणि एक मुंगी त्यांना गाईला थोपटावं तशी थोपटतेय. मी आयुष्यभर माणसांचे चेहरे पाहत होते आणि पायाखाली हा एवढा संसार चाललेला. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती हीच.

घराच्या मागं यांची एवढीशी बाग आहे. लिंबाचं एक झाड, जास्वंद, तगर, कढीलिंब, तुळस, आणि गल्लीकडच्या बुटक्या भिंतीला लागून बेल. सकाळी शाळेआधी बाई तिथं ओणव्या व्हायच्या. हे काम सोपं नाही बरं का. मी उलटी, त्यामुळं माझं कॅमेऱ्याशी बोलणं बंद. तो बटण दाबून मदत करू शकत नाही. सगळं हातानं. आणि मला नीट दिसणारा पट्टा पोह्याच्या जाडीएवढा. वारा आला, हात हलला, श्वास सोडला, की किडा पुसट. बाई शंभर फोटो काढायच्या तेव्हा चार चांगले निघायचे. पण त्या चारांपायी त्यांच्या वर्गातल्या मुली किंचाळायला विसरून बाकावर पुढं सरकायच्या.

बाईंचे यजमान ढुंढिराज. हे घाटावरचे गुरुजी. महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकांचे विधी करतात. माणूस सरळ, सोवळ्यातला, आणि माझा पक्का वैरी. ‘एवढ्या देवांच्या गावात तुला किड्यांचंच दर्शन घ्यावंसं वाटतं?’ असं ते बायकोला चिडवायचे. रोज पूजेसाठी बेल तोडताना त्यांना कोवळं, न कुरतडलेलं, बरोबर तीन पानांचं पान लागायचं. आणि फुलपाखराला अंडं घालायला नेमकं तेच पान लागतं. मग खिडकीतून बाई ओरडायच्या, ‘अहो, ते नको! अंडं आहे त्याच्यावर!’ गुरुजी डोळे बारीक करून बघायचे, त्यांना काही दिसायचं नाही, आणि पुटपुटत दुसरी फांदी धरायचे.

यंदाच्या आषाढात बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. सगळं समजायचं त्यांना, पण शब्द ओठांपर्यंत येऊन परत फिरायचे. दिवसभर दोन वर्गांना शिकवून घरी आल्यावर पण बडबडणारी बाई ती. खालच्या खोलीत, बागेकडच्या खिडकीशी त्यांचा पलंग लावला आणि घर एकदम गप्प झालं. मी कपाटात होते. मला ती शांतता ओळखीची वाटली. मणिकर्णिकेवरून परतताना शिवरामभाऊंच्या रिक्षात असायची, तशीच.

हिमानी नावाची एक मुलगी आठवड्यातून दोनदा बोलणं शिकवायला यायची. सफरचंदाचं चित्र, कपाचं चित्र, बाहुलीचं चित्र. बाई चित्रांकडे बघायच्या पण नाहीत. शेवटी हिमानी गुरुजींना म्हणाली, ‘अंकल, जिस चीज में इनका मन था, बात वहीं से लौटेगी. वो दिखाइए. पर देर मत कीजिए, यही कुछ महीने हैं.’

मन कशात होतं ते गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. चौतीस वर्षं त्याचीच तर चेष्टा केली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाहेर काढलं. सरळ माणूस, मला सरळच लावली. बेलाच्या पानाशी नेऊन दहा फोटो काढले, दहाही नुसतं हिरवं धुकं. खिडकीतून बाई बघत होत्या. त्यांनी डाव्या हातानं पलंगाच्या कडेवर चापट मारली. गुरुजींनी वळून बघितलं. बाईंनी तळहात पालथा होता तो उताणा केला. पुन्हा पालथा, पुन्हा उताणा.

‘उलटी?’ गुरुजींनी विचारलं. ‘उलटी लावायची होय! अगं पण असं कसं दिसेल?’

दिसलं. पण हात थरथरत होता. श्वास धरायचा असतो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि इथं या माणसानं काय करावं? संध्येला बसल्यासारखा उजवा हात नाकाकडं नेला, नाकपुडी दाबली आणि उरलेल्या एका हातात कॅमेरा! मी धाडकन पानावर आपटले. खोटं कशाला बोलू, पलंगावरच्या बाई हसल्या. आवाज न होता, पण खांदे हलत होते. मग गुरुजींनी नाक सोडलं, दोन्ही हातांनी मला धरलं आणि मनातल्या मनात गायत्री म्हणत श्वास कोंडला. मित्रांनो, चाळीस वर्षांचा कुंभक तो! दगडासारखे स्थिर झाले गृहस्थ. बाईंपेक्षा पण स्थिर. मी इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं.

त्या फोटोत बेलाच्या पानावर एक काळपट-पांढरा चिकट ठिपका होता. गुरुजींनी लॅपटॉपवर मोठा करून बाईंसमोर धरला. ‘हे बघ, काहीतरी आहे. चिमणीनं घाण केलीय की काय, कळत नाही.’

बाईंचे ओठ हलले. घाम फुटला कपाळावर. आणि आवाज आला, ‘शी.’

दोन महिन्यांतला पहिला शब्द! भटजींच्या घरात कोणाला मंत्रानं वाचा फुटली असती तर बातमी झाली असती. इथं फुटली ती पाखराच्या शिटेनं. गुरुजी मात्र लहान मुलासारखे रडले. आणि ती शीट नव्हतीच. फुलपाखराची अळी होती. लहानपणी ती तशीच दिसते, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून. बाईंना ते माहीत होतं. त्या हसत होत्या.

तेव्हापासून आमचा नेम लागला. गुरुजी पहाटे स्नान-संध्या करून, लोकांकडं पाठ म्हणायला बाहेर पडायच्या आधी मला घेऊन बेलाशी यायचे. रोज त्या अळीचा एक फोटो, रोज बाईंचा एक शब्द. अळीनं कात टाकली, हिरवी झाली. बाई म्हणाल्या, ‘हिरवी.’ गुरुजींचं बोट लागलं तशी तिनं डोक्यातून दोन लालभडक मऊ शिंगं बाहेर काढली, आंबूस वास सुटला. बाई म्हणाल्या, ‘शिंगं.’ मग ‘खाते’. मग ‘जाड’. झाडावर तीन अळ्या होत्या, त्यातल्या दोन बुलबुलानं उचलल्या. उरली एक. रोज फोटो उघडायच्या आधी बाई भुवया उंचावून विचारायच्या, ‘ती?’ आणि गुरुजी म्हणायचे, ‘आहे, आहे. तुझी लेक आहे.’ हिमानी म्हणाली, ‘इसे तितली बनते देखेंगी तो पूरा वाक्य बोलेंगी, देख लीजिएगा.’ झालं! गुरुजींनी ते वेदवाक्यासारखं धरलं. त्यांचा सगळा जीव त्या दीड इंचाच्या अळीत अडकला.

आणि तिथंच चूक झाली. हिरवी अळी हिरव्या झाडात सापडायची नाही. एकदा शोधता शोधता पाऊण तास गेला, पाठाला उशीर झाला. म्हणून गुरुजींनी खुणेला तिच्या फांदीवर दोरा बांधला. दुसऱ्या कोणाच्या घरात बांधायला सुतळी मिळाली असती, प्लॅस्टिकची पट्टी मिळाली असती. भटजींच्या घरात हाताशी काय असणार? पूजेच्या पेटीतला लाल-पिवळा कलावा, नवसाला बांधतात तो दोरा. बेलाच्या झाडाला, काशीत, गुरुजींच्या हातानं बांधलेला कलावा! गल्लीनं त्याचा काय अर्थ घ्यावा?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बघतो तर एकाचे चार दोरे. बुंध्याला कुंकू. भिंतीपलीकडं शेजारच्या अन्नपूर्णा चाची तांब्या घेऊन उभ्या.

‘पंडितजी,’ त्या म्हणाल्या, ‘भाभी के लिए मन्नत मान ली और हमें बताया तक नहीं? हम क्या पराये हैं?’

चाचींचे डोळे पाण्यानं भरले होते. बाई आजारी पडल्यापासून या बाईनं रोज रात्री यांना भाजी पोचवली होती. तिला काय सांगायचं, ही खूण आहे, अळीची? गुरुजींनी नुसते हात जोडले.

मग काय विचारता! नवरात्र बसलेलं, बायका उपवासाच्या, आणि पद्मा बहनजींवर गल्लीचा जीव. निम्म्या मुली त्यांच्या हाताखालून गेलेल्या. पंधरा झाले, वीस झाले दोरे. दूध आलं, उदबत्त्या आल्या, बताशे आले. उदबत्तीच्या धुरानं माझा डोळा चुरचुरायचा. अळी पान सोडून आत आत सरकायची. भीक नको पण कुत्रं आवर, अशी आमची गत. गुरुजी श्वास कोंडायच्या आधी पुटपुटायचे, ‘काय सांगू यांना? पद्मासाठी हात जोडतायत. मी कोणत्या तोंडानं म्हणू, लांब व्हा?’ आणि खरं सांगू? त्यांना स्वतःलाही आतून वाटत होतं, कोण जाणे, गुण येईलही. रोज संध्याकाळी ते बताशे उचलून लांब टाकायचे, बुंधा धुवायचे. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

नवरात्राच्या सातव्या दिवशी अळीनं खाणं थांबवलं. एका काडीला शेपूट चिकटवलं, स्वतःच्या लाळेचा रेशमी दोरा काढला आणि कमरेभोवती बांधून घेतला. एवढ्या दोऱ्यांत तोच एक कामाचा दोरा होता. फोटो बघून बाई म्हणाल्या, ‘आता... झोप.’ दोन शब्द! एक-दोन दिवसांत तिची कात गळणार, कोष होणार, मग आठ-दहा दिवसांत फुलपाखरू.

दुसरा दिवस अष्टमीचा. गुरुजी दिवसभर एका घरी पाठाला अडकले. गल्लीतल्या बायकांनी कन्यापूजन बेलाखालीच केलं. बाईंच्या नावानं. तुपातला हलवा, चणे, पुऱ्या. द्रोण झाडाच्या बुंध्याशी ठेवले, थोडा हलवा खोडाला लावला. गुरुजी परतले तेव्हा अंधार पडला होता आणि पाय उचलत नव्हते. त्या एका संध्याकाळी त्यांनी बुंधा धुतला नाही.

सकाळी मला घेऊन ते आले. खोडावरून मुंग्यांची रांग वर जात होती. हलव्याशी थांबत होती आणि पुढं जात होती. कोष रात्री झालेला होता, नुकताच, मऊ, बोट लावलं तर खड्डा पडावा असा. त्यावर मुंग्या होत्या. काही आत शिरल्या होत्या. मुंगी होऊन साखर खावी म्हणतात. साखर संपल्यावर ती काय खाते ते कोणी म्हणत नाही. गुरुजींनी सवयीनं श्वास धरला, सवयीनं बटण दाबलं. एकच फोटो. मग ते तिथं ओल्या मातीत मटकन बसले. मी त्यांच्या मांडीवर उताणी, वर आभाळ.

आत बाई वाट बघत होत्या. ‘ती?’

‘झोपलीय,’ गुरुजी म्हणाले. ‘आता फोटो नको काढायला. त्रास होईल तिला.’

मी इतकी वर्षं यांच्या घरात आहे, या माणसाला खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांना ते जमत पण नव्हतं. कान लाल झाले होते. बाईंनी मान हलवली. मग रोज एकच. ‘उद्या?’ ‘उद्या नाही गं. अजून थोडं.’ नऊ दिवस त्यांनी असे काढले. चाचींना पण काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती बाई जन्मभर स्वतःला दोष देत बसली असती, म्हणून.

दहाव्या दिवशी हिमानी येणार होती. त्या सकाळी गुरुजींनी लॅपटॉपमधले बाईंचे जुने फोटो उघडले. मागच्या वर्षीचं एक फुलपाखरू सापडलं, कोषातून नुकतंच निघालेलं, पंख ओले, काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं. माझाच फोटो. बाईंनीच काढलेला. मला ओरडावंसं वाटलं, गुरुजी, नका! पण लेन्सला तोंड असून आवाज नसतो, आणि माझं तर तोंड पण आतल्या बाजूला.

‘पद्मा, बघ! आलं बाहेर!’ हिमानी येताच ते म्हणाले. आवाजात जेवढा आनंद घालता येईल तेवढा घातला. हिमानी टाळ्या वाजवायला लागली.

बाईंनी बघितलं. आधी डोळे चमकले. मग त्या पुढं वाकल्या. फुलपाखरू बसलं होतं लिंबाच्या पानावर. एकच पान, देठाशी छोटा पंख असलेलं, स्वच्छ लिंबाचं. चाळीस वर्षं रोज बेलाची तीन-तीन पानं मोजून घेणारा हा माणूस. त्याला तेवढं दिसलं नाही. बाईंनी नवऱ्याकडं बघितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डाव्या हातानं लॅपटॉप हळूच दूर सारला आणि भिंतीकडं तोंड केलं.

तीन दिवस एक शब्द नाही. ‘शी’ पण नाही. हिमानीनं सगळं करून बघितलं आणि दारात गुरुजींना म्हणाली, ‘अंकल, हुआ क्या? ये तो पहले दिन से भी पीछे चली गईं.’ जेवणाचं ताट जसंच्या तसं परत जायचं, दोघांचंही. अन्नपूर्णा चाचींना कळलं की भाभी पुन्हा गप्प झाल्या, तेव्हा त्यांनी बेलाला आणखी एक दोरा बांधला. मी कपाटातून ऐकत होते. वाटलं, संपलं. आता पुन्हा डबा, पुन्हा पावसाळे. मी काही नव्यानं दुःख करण्याच्या वयाची राहिले नव्हते, तरी झालं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गुरुजींनी कपाट उघडलं. मला घेऊन पलंगाशी आले, खुर्ची ओढली. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लॅपटॉपमध्ये घातलं. सवयीनं श्वास धरला, पण या वेळी त्याचा उपयोग नव्हता.

‘पद्मा,’ ते म्हणाले, ‘इकडं बघ. माझ्याकडं नको बघूस, याच्याकडं बघ. हा खरा आहे. मी लपवला होता.’

बाई हलल्या नाहीत.

‘खुणेला कलावा मीच बांधला. लोकांना वाटलं मन्नत आहे. मला नाही म्हणता आलं. अष्टमीला हलवा ठेवला त्यांनी, तुझ्यासाठीच ठेवला, आणि मी त्या दिवशी बुंधा धुतला नाही. दमलो होतो. एवढंच झालं.’ त्यांनी खुर्ची आणखी पुढं ओढली. ‘मला भीती वाटली गं. ती गेली म्हटल्यावर तू परत बोलायची नाहीस, याची. म्हणून ते दुसरं दाखवलं.’

बाईंनी हळूहळू मान वळवली. पडद्यावर माझा तो फोटो होता, काडीएवढा कोष हातभर झालेला. मी तो नीट काढला होता, हे मला सांगितलंच पाहिजे. एकेका मुंगीचा जबडा दिसत होता, पायांवरचे केस दिसत होते. बाईंनी बघितलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. पण त्या बघत राहिल्या. जशा पूर्वी बघायच्या, तशा. इकडून तिकडं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, काही सुटू नये म्हणून.

काहीतरी बोलायचं म्हणून गुरुजी बोलले, ‘दहा होत्या. मी मोजल्या नंतर. दहा जणी एकट्या जिवावर.’

बाईंनी डावा हात उचलला. बोट पडद्याकडं गेलं, कोषाच्या खाली, काडीच्या सावलीत. तिथं फक्त एक मिशी आणि अर्धा पाय दिसत होता. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. कपाळावर शीर उभी राहिली.

‘अहो,’ बाई म्हणाल्या. ‘अकरा.’

गुरुजींनी चष्मा वर केला, नाक पडद्याला लागेपर्यंत वाकले आणि मोजायला लागले. सातावर त्यांचं चुकलं, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. अकरा होत्या. पण ते ‘अकरा’ म्हणू शकले नाहीत, कारण ‘अहो’ ही हाक त्यांनी आषाढानंतर ऐकलीच नव्हती. ते लॅपटॉप तसाच ठेवून बायकोच्या पांघरुणात तोंड खुपसून रडले, आणि बाईंचं ते बोट अजून अकराव्या मुंगीवरच होतं.

तर मित्रांनो, अशी मी. माझी बुरशी आता मध्यापाशी पोचली आहे. अजून दोन-तीन पावसाळे, मग मला धुकंच दिसेल. जाता जाता एक सांगते, म्हातारीचं ऐका. तुमच्या घरी कोणी आजारी असेल, खचलेलं असेल, तर त्याला बरं वाटावं म्हणून गोडगोड काही दाखवू नका. जे आहे ते दाखवा आणि शेजारी बसा. माणूस ते सोसतो. खोटं ओळखायला मात्र त्याला एक लिंबाचं पान पुरतं, आणि मग तो भिंतीकडं वळतो. आणि काम झालं की माझ्या पाठीवर झाकण तेवढं लावत जा. गुरुजी रोज विसरतात, आणि सकाळी पद्माबाई त्यांना तुटक तुटक शब्दांत रागावतात.